मॉडेल रेपोत टाकलं, पण आकडे कुठेयत?

मॉडेल-बेस्ड काम करणाऱ्या टीममध्ये नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात हे हमखास घडतं. त्याला रेपोची, म्हणजे टीमच्या फाइली आणि त्यांचा इतिहास जिथे ठेवतात त्या सामायिक जागेची, लिंक मिळते, तो सगळं क्लोन करतो, म्हणजे आपल्या मशीनवर उतरवतो, मुख्य मॉडेल उघडतो, रन दाबतो आणि धडाधड लाल एरर येतात, अमुक व्हेरिएबल सापडलं नाही, तमुक सापडलं नाही. मग शेजारचा म्हणतो, "अरे थांब, आधी इनिट स्क्रिप्ट चालवायची असते, सगळ्या किमती तीच भरते. ती नाही रे, ती जुनी झाली, माझ्याकडची पाठवतो." चॅटवर एक मॅट फाइल, म्हणजे साठवलेल्या किमतींची फाइल, येते, ती लोड केली की मॉडेल सुरळीत चालतं आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. पण गोम इथेच आहे. रेपोत ठेवलंय ते अर्धंच डिझाइन, उरलेलं अर्धं त्या शेजाऱ्याच्या लॅपटॉपवर, आणि उद्या त्याने सुट्टी टाकली की प्रॉडक्ट नेमकं कसं वागणार हे सांगायला कुणी नाही.

ज्यांचा या प्रकाराशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. मॉडेल-बेस्ड म्हणजे कोड हाताने लिहायच्या आधी, किंवा हाताने न लिहिताच, सिस्टिम कशी वागेल ते चौकोन आणि बाणांच्या रूपात मांडायचं. सिम्युलिंकसारख्या टूलमध्ये हे मॉडेल चालवून बघता येतं आणि त्यातून कंट्रोलरचा सी कोडही आपोआप काढता येतो. दुसरं घराणं सिस्टिम मॉडेलिंगवाल्यांचं, म्हणजे सिसएमएल ही भाषा आणि कॅमिओ, कॅपेला वगैरे टूल्स, तिथे कोडपेक्षा रचना महत्त्वाची, कुठला भाग कुणाशी जोडलाय, कुठली रिक्वायरमेंट (प्रॉडक्टने काय केलं पाहिजे ती अट) कोण पूर्ण करतंय असं. दोन्हीकडे स्क्रीनवर चित्र दिसतं म्हणून सगळ्यांचं लक्ष चित्राकडे जातं. पण चित्राच्या मागे ढीगभर डेटा असतो, पॅरामीटरच्या किमती, सिग्नलची नावं, डेटाटाइप, युनिट, कमाल-किमान मर्यादा, इंटरफेसच्या व्याख्या, रिक्वायरमेंटशी जोडलेले दुवे. यालाच डिझाइन डेटा म्हणतात, आणि भांडणं होतात ती बहुतेक यावरूनच होतात.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू. गाडीची काच, बटण एकदा दाबलं की आपोआप वर जाणारी. मधे बोट अडकलं तर काचेने थांबून मागे फिरायला पाहिजे, आणि अशा काचांसाठी अमेरिकेच्या आणि युनोच्या वाहन नियमांत मर्यादा आहे ती १०० न्यूटनची, जोर तिथपर्यंत पोचायच्या आत काच उलटी फिरली पाहिजे. आता कंट्रोलरला न्यूटन दिसत नाहीत, त्याला दिसतो मोटरचा करंट. म्हणून कुणीतरी हिशोब करून ठरवतो की करंट, समजा, १४ अँपिअरच्या वर गेला तर काहीतरी अडकलंय असं धरायचं. हे १४ म्हणजे आपला हिरो.

आता हा १४ कुठे कुठे राहतो बघा. एकाने तो मॉडेलमधल्या कॉन्स्टंट ब्लॉकमध्ये थेट टाइप केला. दुसऱ्याने दुसऱ्या सबसिस्टिममध्ये तोच आकडा व्हेरिएबल करून वापरला आणि त्याची किंमत इनिट स्क्रिप्टमध्ये ठेवली. टेस्टिंगवाल्याने आपल्या टेस्ट स्क्रिप्टमध्ये १४ लिहिला. कॅलिब्रेशनवाल्याकडे, म्हणजे प्रत्यक्ष गाडीवर आकडे जुळवणाऱ्याकडे, एक्सेल आहे, त्यात १४. सिस्टिम मॉडेलमध्ये रिक्वायरमेंटच्या शेजारी एक नोट आहे, तिथेही १४. आणि जनरेट झालेल्या कोडमध्ये आहेच. एके दिवशी मोटर बदलते, नवीन मोटरला १४ चं १२ करायचं ठरतं, मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात, आणि बदल होतो सहापैकी चार ठिकाणी. सिम्युलेशन पास होतं. का होतं? कारण मॉडेलमध्ये जो आकडा राहून गेला तोच टेस्टमध्येही राहून गेलाय, दोघं मिळून एकमेकांना बरोबर ठरवतात.

म्हणून सामायिक रेपोचं पहिलं काम माझ्या मते व्हर्जन ठेवणं हे नाहीच. प्रत्येक आकड्याला एकच घर देणं हे पहिलं काम, बाकी सगळ्यांनी त्या घराचा पत्ता वापरायचा, आकड्याची कॉपी काढायची नाही. हे नसेल तर तुम्ही गिट, म्हणजे फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल, लावा नाहीतर अजून महागडं काही लावा, तुम्ही सहा वेगवेगळ्या चुका व्यवस्थित व्हर्जन करून ठेवाल, एवढंच.

सिम्युलिंकमध्ये पूर्वी हे घर म्हणजे बेस वर्कस्पेस असायचं, म्हणजे सिम्युलिंक ज्यावर चालतं ते मॅटलॅब चालू असताना मेमरीत जे काही पडलेलं असेल ते. मॉडेल तिथून नावाने व्हेरिएबल उचलतं. अडचण अशी की ही जागा धर्मशाळेसारखी, कुणीही यावं, काहीही ठेवावं. सकाळी दुसऱ्या प्रोजेक्टचं मॉडेल उघडलं होतं, त्याच्या स्क्रिप्टनेही त्याच नावाचं व्हेरिएबल बनवलं, की दुपारी तुमची काच त्यांच्या आकड्यावर चालणार आणि एरर एकही येणार नाही! आर२०१३बी या रिलीजपासून डेटा डिक्शनरी आली, म्हणजे आकडे, टाइप, सिग्नल, बस (एकत्र बांधलेले सिग्नल) यांच्या व्याख्या एका फाइलमध्ये, मॉडेल त्या फाइलला जोडलेलं, आणि एका डिक्शनरीतून दुसरीला संदर्भ देता येतो. डिक्शनरी जोडली तरी बेस वर्कस्पेसमध्ये डोकवायची मुभा मॉडेलला देणारी एक सेटिंग असते, ती बंद करा. नाहीतर पुढचं दार लावून मागचं उघडं ठेवल्यासारखं होतं आणि हे मी बऱ्याच प्रोजेक्टमध्ये बघितलंय, लोक डिक्शनरी आहे म्हणून निर्धास्त असतात आणि मॉडेल गुपचूप मागच्या दाराने जुनी किंमत घेत असतं.

अजून एक, आकडा नुसता आकडा म्हणून ठेवायचा नाही. १४ म्हणजे काय, अँपिअर की मिलिअँपिअर, पूर्णांक की फ्लोट, किमान किती, कमाल किती, हे सगळं त्याच नोंदीत पाहिजे, बाजूच्या वर्डच्या फाइलीत नको. मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळाजवळ हातचं गेलं ते युनिटपायी. एका बाजूच्या सॉफ्टवेअरने इंपल्स (बल गुणिले वेळ) पाउंड-फोर्स सेकंदात दिला, दुसऱ्या बाजूने तो न्यूटन सेकंद समजून वापरला, फरक साधारण ४.४५ पट. आणि एरियान ५ चं पहिलं उड्डाण, ४ जून १९९६, ४० सेकंदांच्या आसपास संपलं, कारण एरियान ४ साठी लिहिलेला भाग तसाच उचलला होता आणि नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त असल्याने एक ६४ बिटची फ्लोटिंग किंमत १६ बिटच्या पूर्णांकात मावली नाही, तिथे कमाल ३२७६७ च बसतात. दोन्ही वेळी चित्र काढून दाखवलं असतं तर बाण बरोबरच जोडलेले दिसले असते. बाणातून काय वाहतंय त्याबद्दल दोन टोकांची समजूत वेगळी होती. म्हणून युनिट आणि रेंज भरायला कंटाळा येतो हे मान्य, पण इंटरफेसवरच्या सिग्नलला तरी ते सक्तीचं करा, आतल्या किरकोळ व्हेरिएबलला एक वेळ चालेल.

बरं, मग सगळं एकाच मोठ्या डिक्शनरीत कोंबायचं का? नाही बाबा. मग होतं असं की वीस जण एकाच फाइलवर, आणि रोज संध्याकाळी मर्जची, म्हणजे सगळ्यांचे बदल एकत्र करायची, मारामारी. फाइल तोडायच्या त्या मालकीप्रमाणे. काचेच्या कंट्रोलरच्या आतल्या गोष्टी त्या टीमच्या डिक्शनरीत. दोन टीममध्ये वाहणारे सिग्नल आणि बस इंटरफेसच्या वेगळ्या डिक्शनरीत, ती बदलायची तर दोन्हीकडचा होकार लागणार. कॅलिब्रेशनचे आकडे अजून वेगळे, कारण ते टेस्ट ट्रॅकवर रोज बदलतात आणि त्यांचा वेग मॉडेलच्या वेगाशी जुळत नाही. आपला १४ खरं तर इथला, पण त्याची कमाल मर्यादा सेफ्टीवाल्यांची, म्हणजे कॅलिब्रेशनवाला १४ चं १२ करू शकतो पण २५ करायला गेला तर नोंदीनेच अडवलं पाहिजे. हे मालकीचं वाटप कुठलंच टूल करून देत नाही, ते टीमने बसून ठरवायचं असतं आणि म्हणूनच ते राहून जातं, टूल विकत घ्यायची मीटिंग एका तासात होते आणि ही मीटिंग चार महिने पुढे ढकलली जाते.

आता रेपोकडे. गिट २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स कर्नलसाठी बनवलं, म्हणजे ओळींनी लिहिलेल्या सोर्स कोडसाठी. त्याची मर्जची सगळी हुशारी ओळींवर चालते, तू चाळिसावी ओळ बदललीस, मी नव्वदावी, ठीक आहे, दोन्ही घेतो. मॉडेलला ओळ नसते. सिम्युलिंकची जुनी एमडीएल फाइल निदान टेक्स्ट होती, २०१२ मध्ये एसएलएक्स आली, ती म्हणजे आतून एक झिप, त्यात एक्सएमएलचे तुकडे. विश्वास नसेल तर एका कॉपीचं एक्स्टेन्शन बदलून झिप करून उघडून बघा. गिटला त्यात काय बदललं ते कळत नाही, दोघांनी बदल केले तर ते एवढंच म्हणणार की कॉन्फ्लिक्ट आहे, याची घे नाहीतर त्याची घे. म्हणून गिटअॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये एसएलएक्स बायनरी आहे असं स्पष्ट सांगून ठेवायचं, नाहीतर कधी गिट ओळींच्या शेवटी हात घालतं आणि फाइल उघडेनाशी होते. आणि फरक बघायला, मर्ज करायला मॉडेलिंग टूलचंच तुलना करणारं टूल गिटला जोडायचं, ते ब्लॉक आणि पॅरामीटरच्या भाषेत सांगतं, १४ होतं ते १२ झालं.

तरीसुद्धा एक त्रास उरतोच, दिसण्यातल्या बदलांचा. कुणीतरी नीटनेटकेपणाच्या झटक्यात सगळे ब्लॉक एका रेषेत आणले, बाण सरळ केले, आणि त्याच कमिटमध्ये, म्हणजे रेपोत एकदम नोंदवलेल्या बदलांच्या गठ्ठ्यात, एक थ्रेशोल्डही (मर्यादेचा आकडा) बदलला. रिव्ह्यू करणाऱ्याला शेकडो फरक दिसतात, त्यातला एकच खरा. सजावट वेगळ्या कमिटमध्ये करा आणि मेसेजमध्ये तसं लिहा, दुसरा उपाय नाही. बरीच तुलना करणारी टूल्स जागेचे बदल लपवून दाखवतात पण प्रत्येकाने ते फिल्टर लावलेलं असेलच असं धरू नका.

मर्ज की लॉक हा वाद जुना आहे. सॉफ्टवेअरवाले लॉक म्हटलं की नाक मुरडतात, त्यांना वाटतं हे मागासलेलं काम. माझं मत थोडं वेगळं आहे. कोडमध्ये मर्ज स्वस्त आहे म्हणून तिथे लॉक मूर्खपणा, पण ग्राफिकल मॉडेलमध्ये चुकीचं मर्ज डोळ्याला दिसत नाही, बाण जोडलेला दिसतो आणि तो भलत्याच पोर्टला असतो. सबव्हर्जन या गिटच्या आधीच्या टूलमध्ये नीड्स-लॉक म्हणून सोय आहे, गिट एलएफएस या मोठ्या फाइलींसाठीच्या जोडणीतही लॉक करता येतं, फाइल रीड-ओन्ली राहते आणि जो घेतो त्याच्यासाठीच उघडते. दोन जण जिथे सतत आदळतात त्या मोजक्या फाइलना लॉक लावा, बाकीच्यांना नका लावू. आणि मुळात आदळतात का ते बघा, बहुतेक वेळा मॉडेलच अवाढव्य असतं. त्याचे तुकडे करून मॉडेल रेफरन्सने, म्हणजे एका मॉडेलमधून दुसऱ्या मॉडेलच्या फाइलला संदर्भ देऊन, जोडले, एक तुकडा एक फाइल एक मालक, की निम्मे कॉन्फ्लिक्ट जन्मालाच येत नाहीत.

सिस्टिम मॉडेलिंगवाल्यांनी वेगळा रस्ता धरला. त्यांच्याकडे सगळं एकमेकात इतकं गुंतलेलं असतं की फाइली तोडणं अवघड, मग त्यांनी फाइलच बाजूला ठेवली आणि मॉडेल सर्व्हरवर डेटाबेसमध्ये टाकलं. कॅमिओसाठी टीमवर्क क्लाउड, कॅपेलासाठी टीम फॉर कॅपेला, ही त्यातली माहितीतली नावं. इथे लॉक फाइलला नसून एकेका एलिमेंटला, तू काचेच्या मोटरचा ब्लॉक बदलतोयस तोवर मी शेजारचा स्विच बदलू शकतो, मॉडेल एकच. हे सगळं चालतं ते एका गोष्टीवर, प्रत्येक एलिमेंटला एक कायमचा आयडी असतो. नाव बदललं, जागा बदलली, तरी आयडी तोच. त्यामुळे टूलला कळतं की आपल्या १४ चं "पिंचलिमिट" हे नाव बदलून "अडथळाकरंट" झालं, जुना गेला आणि नवीन आला असं नाही, आणि त्याला लटकलेले रिक्वायरमेंटचे दुवे शाबूत राहतात.

आणि इथेच लोक घोळ घालतात. नाव बदलायच्या ऐवजी एलिमेंट कॉपी करतात, कॉपीला नवीन नाव देतात आणि जुना डिलीट मारतात. स्क्रीनवर फरक शून्य. पण कॉपीचा आयडी नवीन, त्यामुळे रिक्वायरमेंटचे, टेस्टचे, दुसऱ्या टीमचे सगळे दुवे डिलीट केलेल्याबरोबर गेले. आठवड्याभराने ट्रेसेबिलिटी रिपोर्ट, म्हणजे कुठली रिक्वायरमेंट कशाशी जोडलीय त्याची यादी, काढला की भोकं दिसतात आणि मग शोधाशोध. आमच्याकडे एकदा हे झालं तेव्हा दोन दिवस आम्ही टूललाच शिव्या घालत होतो, टूलचा काही दोष नव्हता.

सर्व्हरवालं सगळं छान आहे असंही समजू नका. सर्व्हर पडला की सगळी टीम चहाला. बॅकअप कुणी घेतंय का, तो परत चढवून बघितलाय का, हे प्रश्न अचानक तुमचे होतात. टूलची आवृत्ती बदलायची तर सगळ्यांनी एकत्र बदलायची, आणि लांब चाललेली ब्रँच, म्हणजे कामासाठी वेगळी काढलेली फांदी, मुख्य मॉडेलमध्ये परत आणणं इथेही दुखतंच. २०२५ मध्ये ओएमजी या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने मंजूर केलेल्या सिसएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीत मॉडेल मजकुराच्या रूपातही लिहिता येतं, आणि सोबत एपीआयचं, म्हणजे टूल्सनी मॉडेलशी कसं बोलायचं त्याचं, स्टँडर्ड आहे ज्यात प्रोजेक्ट, कमिट, ब्रँच, टॅग या कल्पना धरलेल्याच आहेत, म्हणजे दोन्ही घराणी जवळ येतायत.

आवृत्तीचा विषय निघालाच आहे तर एअरबस ए३८० सांगायलाच पाहिजे. या विमानात साधारण ५३० किलोमीटर वायरिंग. जर्मनी आणि स्पेनकडचे लोक कॅटिया या डिझाइन सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होते, फ्रान्स आणि ब्रिटनकडचे पाचवी. टूल एकच, नाव एकच, पण दोन आवृत्त्यांमधून डिझाइनचा डेटा नीट पार होईना, आणि हॅम्बुर्गहून आलेले भाग तुलूझमध्ये जोडायला घेतले तर वायरी कमी पडायला लागल्या. २००६ मध्ये यावरून डिलिव्हरी पुढे ढकलायची वेळ आली, एकदा सोडून दोनदा. म्हणून बेसलाइन, म्हणजे गोठवून जपलेली आवृत्ती, रेपोवर नुसता टॅग (नावाचं लेबल) मारला की झाली असं नसतं. टॅगसोबत मॉडेलिंग टूलची नेमकी आवृत्ती, लायब्ररींच्या आवृत्त्या, कोड जनरेटरची सेटिंग, कंपायलर, हे सगळं लिहून ठेवायचं. गाड्यांसाठी आयएसओ २६२६२ आणि विमानांसाठी डीओ-१७८सी ही स्टँडर्ड्स कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट मागतातच, ऑडिटला आलेला माणूस म्हणू शकतो की दोन वर्षांपूर्वीचं रिलीज आज पुन्हा बनवून दाखवा, आणि ते जमलं पाहिजे.

रेपोत काय टाकायचं नाही हे पटकन सांगतो. टूलने स्वतः बनवलेलं कॅश, सिम्युलिंकचं एसएलपीआरजे फोल्डर, ऑटोसेव्ह फाइली, हे इग्नोर लिस्टमध्ये. सिम्युलेशनचे निकाल गिगाबाइटमध्ये असतात, ते वेगळ्या स्टोअरेजवर, त्यात कुठल्या कमिटवरून काढले ते लिहून. जनरेट केलेल्या कोडवरून लोक भांडतात, रोजच्या कामात तो नको हे माझं मत, मॉडेल आणि कोड दोन्ही ठेवले की कुणीतरी एक दिवस थेट कोडमध्ये हात घालतो, आणि पुढच्या जनरेशनला तो बदल पुसला जातो. रिलीजच्या वेळी मात्र नक्की जपून ठेवा, गाडीत गेला तो कोडच.

आणि पासवर्ड, क्लायंटचा गोपनीय डेटा वगैरे स्क्रिप्टमध्ये लिहून कमिट करू नका, इतिहासातून काढता काढता नाकी नऊ येतात.

सुरुवात कुठून करायची विचाराल तर आधी टूल बदलायला धावू नका. एक कोरं मशीन घ्या, नाहीतर सीआय सर्व्हर (बदल आला की आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारा) घ्या, त्यावर कुणाचंच वर्कस्पेस नाही, कुणाची मॅट फाइल नाही. रेपो क्लोन करा, बेस वर्कस्पेसची मुभा बंद करा आणि मॉडेल नुसतं अपडेट करून बघा, सिम्युलेशन तर लांबच. जेवढे एरर येतील तेवढे आकडे तुमच्या रेपोत नाहीत. मग ब्लॉकमध्ये थेट टाइप केलेल्या आकड्यांसाठी वेगळी स्क्रिप्ट फिरवा, ते एरर देत नाहीत, गप्प बसून असतात. दोन्ही मिळून जी यादी येईल ती पहिल्यांदा बघून धडकी भरते, आमचीही भरली होती. पण प्रत्येक ओळीपुढे एक मालकाचं नाव लिहायला घ्या, ज्या ओळीपुढे दोन नावं येतायत त्या इंटरफेसच्या डिक्शनरीत, आणि ज्या ओळीपुढे एकही नाव येत नाहीये त्या सगळ्यात आधी सोडवा. आमच्या यादीत पिंच लिमिट त्यातलंच होतं.